शुद्ध खोलीतले जाडे उंदीर

१

शुद्ध खोलीतल्या चोवीस उंदरांपैकी तेवीस उंदरांच्या रक्तात विष सापडलं. ही बातमी भाचीनं आत्याला फोनवर सांगितली, तेव्हा आत्या औषधाच्या दुकानात भांडत होती.

भांडण साधंच होतं. रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी सदोष निघाली होती, आत्याला ती बदलून हवी होती आणि दुकानदार बिल मागत होता. आत्यानं पर्समधून बिल काढलं, तर ते कोरं करकरीत! हाताला लावायच्या क्रीमची ट्यूब पर्समध्ये गळली होती आणि तिच्या शेजारी पडून बिलावरची अक्षरं साफ उडाली होती.

"कोऱ्या कागदावर मी डबी कशी बदलून देऊ, काकू?" दुकानदार म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला.

"आत्या, आत्ताच्या आत्ता ये. कोणीतरी माझे उंदीर बाटवलेत."

आत्यानं कोरं बिल पुन्हा पर्समध्ये कोंबलं आणि निघाली. बत्तीस वर्षं तिनं अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. दुधातली पावडर, हळदीतला रंग, तेलातलं दुसरं तेल, असलं सगळं तिनं लोकांच्या तोंडावर सिद्ध करून दाखवलं होतं. निवृत्त झाल्यापासून मात्र पायाला भिंगरी लागल्यासारखी ती घरभर फिरायची. तेव्हा अशा फोनला नाही म्हणणं तिच्या जिवावरच आलं असतं.

संशोधन संस्थेच्या जिन्यातच भाची भेटली. हातातल्या पेनाचं बटण टकटक दाबत उभी होती. विषशास्त्रातली डॉक्टर, आत्याच्या एकुलत्या एका भावाची एकुलती एक मुलगी, आणि चेहरा परीक्षेचा पेपर विसरलेल्या पोरीसारखा.

"पहिल्यापासून सांग. आणि ते पेन थांबव," आत्या म्हणाली.

भाचीनं सांगितलं. खाण्याच्या डब्यांना आतून एक लेप असतो. त्यातलं एक रसायन शरीरात गेलं की संप्रेरकाचं सोंग घेतं. शरीर फसतं, चरबी साठवत सुटतं, साखरेचं गणित बिघडतं. हे किती थोड्या रसायनानं होतं, एवढंच भाची दीड वर्ष शोधत होती. एका खोलीतल्या चोवीस उंदरांना ते रसायन रोज कणभर द्यायचं, दुसऱ्या खोलीतल्या चोवीस उंदरांना काहीच द्यायचं नाही. ही दुसरी म्हणजे शुद्ध खोली. तिथे पिंजरे पोलादाचे, पाण्याच्या बाटल्या काचेच्या. प्लास्टिकचा चमचासुद्धा दाराच्या आत यायचा नाही.

"पाच महिन्यांपूर्वी शुद्ध खोलीतले उंदीर जाड व्हायला लागले. मला वाटलं, खाद्यात तेल जास्त झालं असेल, म्हणून मी ते बदललं. काल रक्ताचे अहवाल आले. साखर वाढलेली, आणि रक्तात तेच रसायन. खाद्य तपासलं, पाणी तपासलं, पिंजऱ्यातला भुसा तपासला. सगळं स्वच्छ आहे, आत्या. म्हणजे कोणीतरी हातानं देतंय."

"आणि किल्ली?"

भाचीनं मान खाली घातली. "दोनच आहेत. एक माझ्याकडे, एक मामांकडे."

तिच्या दुसऱ्या हातात एक छापील फॉर्म होता. 'जबाबदार व्यक्ती' असं लिहिलेल्या चौकटीत प्राणिगृहाच्या मामांचं नाव टाईप केलेलं होतं. खाली भाचीच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती.

"चार वाजता समिती बसतेय. सही केली की मामा उद्यापासून घरी. निवृत्तीला त्यांचे दोन महिने उरलेत."

आत्यानं घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजले होते.

२

मामा म्हणजे कोणाचे सख्खे मामा नव्हेत. संस्थेत सगळेच त्यांना मामा म्हणत. तीस वर्षं त्यांनी उंदरांचे पिंजरे धुतले होते आणि उंदीर आजारी पडला तर ते स्वतः जेवत नसत, असं लोक सांगत. आत्या पोचली तेव्हा ते धुण्याच्या हौदाशी उभे राहून, आधीच चकचकीत असलेली बाटली पुन्हा घासत होते.

"ताई, तुम्ही पोलीस का?"

"नाही हो. मी डॉक्टरीणबाईंची आत्या."

"मग बसा."

आत्या बसली नाही. ती हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत राहिली आणि मामांची मान तिच्यामागे फिरत राहिली.

"रोजचं काम सांगा मला. बारीकसारीक सगळं."

"सकाळी खाद्य, पाणी. मग वजन. पहिल्या खोलीत ती धाकटी बाई वजन करते, शुद्ध खोलीत डॉक्टरीणबाई स्वतः. तिथे त्या दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. वजन झालं की प्रत्येकाला एक शेंगदाणा. त्या लालचीनं उंदीर काट्यावर गुमान बसतो."

"आणि रविवारी?"

मामांच्या हातातली बाटली थांबली.

"रविवारी वजन नसतं," ते म्हणाले.

"तुम्ही येता?"

"खाद्य घालायला येतो." पण हे त्यांनी बाटलीकडे बघत सांगितलं. बत्तीस वर्षं भेसळवाल्यांचे चेहरे वाचलेल्या आत्याला तेवढं पुरलं. माणूस काहीतरी लपवत होता.

३

पहिल्या खोलीत वजन करणारी धाकटी संशोधक 'टकळी' या नावानं ओळखली जायची. ते नाव का पडलं हे आत्याला अर्ध्या मिनिटात कळलं.

"मी सांगते ना तुम्हाला सगळं, म्हणजे माझ्यावर संशय असणारच, कारण मॅडमनी शोधनिबंधात माझं नाव घातलं नाही आणि मी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर रडले, ते सगळ्यांना माहीत आहे, पण राग आला म्हणून उंदरांवर का काढू? आणि शुद्ध खोलीत मला जाताच येत नाही. मॅडमचे नियमच तसे आहेत. तिथे हातमोजेसुद्धा नाहीत! हातमोजे मऊ प्लास्टिकचे, म्हणून नकोत. नुसत्या हातानं काम, आणि प्रत्येक उंदीर हाताळला की सॅनिटायझर. मला नाही बाई जमलं असतं, हात सोलून निघतात. मी आपली इकडे मोजे घालून करते. इथे विष असतं ना, मोजे लागतातच."

"श्वास घे जरा," आत्या म्हणाली. "मामा रविवारी शुद्ध खोलीत जातात?"

टकळी पहिल्यांदाच गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मला सांगायचं नव्हतं. मी दोनदा बघितलंय. हात खिशात घालून आत गेले आणि अर्ध्या तासानं बाहेर आले. खिशात काहीतरी होतं."

"कोणाला सांगितलंस?"

"काल मॅडमना. आणि साहेबांना."

म्हणजे फॉर्मवर मामांचं नाव आलं ते इथून.

४

विभागाचे साहेब मोठ्या टेबलामागे ताठ बसले होते. हे संशोधन बंद पडलं तर सगळ्यात जास्त आनंद त्यांना होईल, असं भाचीनं आधीच कानावर घातलं होतं. आत्यानं तेच तोंडावर विचारलं.

"होईल," साहेब शांतपणे म्हणाले. "दीड वर्षात नुसते उंदीर जाड झालेत. पण मी शुद्ध खोलीत गेलो असेन असं वाटत असेल, तर तो विचार सोडा. मला उंदरांची भीती वाटते."

"विषशास्त्र विभागाच्या प्रमुखांना?"

"बाहेर बोलू नका, प्लीज." साहेबांचे कान लाल झाले. "मी इथे बसून शिस्त बघतो. पूर्वी हे लोक वजनं हातानं लिहायचे. पेन्सिलीनं! खाडाखोड करायचे. मी दोन्ही खोल्यांत नवे काटे आणले. वजन केलं की चिठ्ठी छापून बाहेर येते, ती वहीत चिकटवायची. आता आकड्यात कोणी लबाडी करू शकत नाही."

"उत्तम," आत्या म्हणाली. "तुमच्या उंदरांनाही आनंद झाला असेल."

तेवढ्यात दार न वाजवताच मामा आत आले. ओले हात पँटला पुसत त्यांनी आत्याकडे पाहिलं आणि मग साहेबांकडे.

"कागद आणा, साहेब. मीच केलंय ते."

५

भाचीला बोलावून घेतलं. मामा उभ्या उभ्याच बोलले.

"रविवारी वजन नसतं, म्हणून दाणा नसतो. पण त्यांना वार कुठे कळतो? दार वाजलं की सगळे जाळीशी येऊन हात बाहेर काढतात. मला बघवत नाही. मी घरून दाणे आणतो. खिशात पिशवी असते, प्लास्टिकची. काल रात्रभर डोक्यात तेच होतं. त्या पिशवीचंच विष लागलं असणार. दुसऱ्या कोणाला यात ओढू नका."

साहेबांनी फॉर्म भाचीपुढे सरकवला. भाचीनं पेन उघडलं. तिचे डोळे भरून आले होते, पण हात निघाला होता सहीला.

"थांब," आत्या म्हणाली. "मामा, हे रविवारचे दाणे कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून. दीड वर्ष."

"आणि फक्त शुद्ध खोलीत?"

"छे! दोन्हीकडे. भेदभाव कसा करणार?"

"बघ," आत्या भाचीकडे वळली. "उंदीर जाड झाले ते पाच महिन्यांपासून. दीड वर्ष चाललेली गोष्ट एकदम पाच महिन्यांपूर्वी विषारी कशी होईल? आणि मला सांग, तेवीसच का? चोविसावा कुठला?"

"सात नंबर," भाची म्हणाली. "त्याच्या रक्तात काही नाही. वजनही बरोबर. तो अपवाद असेल म्हणून मी..."

"सात नंबर ना?" मामा एकदम बोलले. चेहऱ्यावरचं सगळं दुःख विसरून ते हसले. "तो नाठाळ आहे. दाणा घेतच नाही. हातात दिला तर फेकून देतो."

तेच खाद्य, तेच पाणी, तोच भुसा, तीच खोली. दाणा न खाणारा एकच उंदीर, आणि शुद्ध राहिलेलाही तोच.

"दाणे तपासलेत?" आत्यानं विचारलं.

"नाही." भाचीचा आवाज अगदी बारीक झाला. "दाणा आम्ही खाद्यात धरतच नाही. तो बक्षीस म्हणून असतो."

"मग झालं तर!" साहेब उठले. "रोजच्या बरणीतले दाणे बाजारातून कोण आणतं? मामाच. पाच महिन्यांपूर्वी दुकान बदललं असेल, किंवा आणखी काही. सही करा."

भाचीनं आत्याकडे पाहिलं. आत्याचे पाय केव्हाच दाराकडे निघाले होते.

"मला दोन्ही खोल्यांच्या वजनाच्या वह्या हव्यात. आणि दाण्यांची बरणी. चार वाजेपर्यंतचा वेळ माझा आहे ना? सव्वाबारा झालेत फक्त."

६

बरणी काचेची होती आणि दोन्ही खोल्यांना दाणे त्याच बरणीतून जात. टकळीनं त्यातले मूठभर कुटून तपासणीच्या यंत्रात घातले. पाऊण तासानं कागद आला. दाणे स्वच्छ होते.

भाची खुर्चीत कोसळली. "म्हणजे पुन्हा तिथेच आलो. दाण्यातून जातंय म्हणतेस, आणि दाण्यात काही नाही."

"बरणीतल्या दाण्यात नाही," आत्या म्हणाली. "बरणीपासून तोंडापर्यंत दाणा कशातून जातो?"

तिनं दोन्ही वह्या खिडकीशी नेऊन उघडल्या. पहिल्या खोलीची वही टकळीची. पानापानावर छापील चिठ्ठ्या ओळीनं चिकटवलेल्या, आकडे काळेभोर. शुद्ध खोलीची वही भाचीची. चिठ्ठ्या त्याच, काटाही तसलाच, पण आकडे पुसट होते. कुठे तर अख्खी चिठ्ठी कोरी होती आणि शेजारी भाचीनं पेनानं वजन लिहून ठेवलं होतं. काही चिठ्ठ्यांच्या कडेला करडे ठसे होते. बोटांचे.

आत्या फेऱ्या घालायची थांबली. कितीतरी दिवसांत ती अशी एका जागी उभी राहिली नव्हती. मग तिनं पर्स उघडली आणि सकाळचं कोरं बिल काढून वहीशेजारी ठेवलं.

तिनं भाचीकडे पाहिलं. लहानपणी ही पोर कंपासपेटीतल्या वस्तू लांबीच्या क्रमानं लावायची आणि कोणी हलवल्या तर जेवायची नाही. जे समजलं होतं ते तिला सांगायची आत्याला मुळीच इच्छा नव्हती. पण हौदाशी एक म्हातारा माणूस घासलेली बाटली पुन्हा पुन्हा घासत होता.

"ऊठ. वजन करताना जे करतेस ते मला करून दाखव. अगदी तसंच. उंदीर नको, काट्यावर ही पर्स ठेव."

भाचीनं पर्स काट्यावर ठेवली. हातावर सॅनिटायझर घेतलं, चोळलं. काट्यातून चिठ्ठी सरसरत आली. तिनं ओल्या बोटांनी ती फाडली, वहीत चिकटवली, अंगठ्यानं दाबली. मग बरणीतून एक दाणा उचलून पुढे धरला.

"हा माझ्याकडे दे," आत्या म्हणाली आणि तो दाणा तिनं काचेच्या बाटलीत टाकला. दुसरा दाणा टकळीला मोजे घालून, तशीच चिठ्ठी फाडून उचलायला लावला. तिसरा तिनं स्वतः पोलादी चिमट्यानं उचलला. तिन्ही बाटल्यांवर पेन्सिलीनं आकडे घातले.

"लाव यंत्रात."

यंत्र घरघरत राहिलं. दोन वाजले, अडीच वाजले. भाची पेनाचं बटण दाबत होती, टकळी चक्क गप्प होती, आणि आत्या खिडकीपासून दारापर्यंत चालत होती.

चिमट्याचा दाणा स्वच्छ निघाला. मोज्यांच्या दाण्यात शोधूनही काही सापडेना. भाचीच्या दाण्याची रेघ कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.

७

समिती चार वाजता बसली. मामा कोपऱ्यात उभे होते. कपाट आवरून आले होते, बगलेत डबा आणि जुना स्वेटर.

"दुकानाच्या बिलासारखीच या चिठ्ठीतही शाई नसते," आत्यानं कोरी झालेली चिठ्ठी वर धरली. "कागदावर एक लेप असतो, उष्णता लागली की तो काळा होतो. या काट्यांच्या कागदाच्या लेपात तेच रसायन आहे, जे डब्यांच्या लेपात असतं. कोरड्या हाताला ते थोडंफार लागतं. सॅनिटायझरनं ओला झालेला हात ते ओढून घेतो, म्हणूनच आकडे उडाले. त्याच बोटांनी तेलकट दाणा धरला की ते दाण्यावर. आठवड्याचे सहा दिवस, एकेक उंदीर, एकेक दाणा. डब्यातून मिळेल तेवढंच कणभर. पहिल्या खोलीत मोजे होते, त्यामुळे तिथे वरून काही गेलं नाही. मामा रविवारी दाणे देतात तेव्हा काटा बंद असतो, चिठ्ठीच नसते. आणि काटे आले कधी? साडेपाच महिन्यांपूर्वी."

साहेबांनी घसा साफ केला. "काटे मी आणले," ते हळूच म्हणाले. हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याबद्दल आत्याच्या मनात त्यांना थोडी जागा मिळाली.

"पण मग हे कोणी केलं असं लिहायचं?" समितीतल्या एकानं विचारलं. "हा नुसता अपघात म्हणायचा का?"

आत्यानं चिठ्ठी टेबलावर ठेवली. यापुढचं बोलणं तिचं नव्हतं.

भाचीनं फॉर्म ओढून घेतला. मामांच्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि वर स्वतःचं नाव लिहिलं, पदासकट. कारणाच्या चौकटीत तिनं लिहिलं, 'शुद्ध खोलीत हातमोजे न वापरण्याचा नियम माझा. छापील चिठ्ठीचा कागद मी तपासला नाही. इतर सर्वांना तपासले, स्वतःचे हात तपासले नाहीत.' मग सही केली.

"दीड वर्ष गेलं," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. तुम्ही करू दिलंत तर."

समितीनं निर्णय पुढच्या आठवड्यावर टाकला. माणसं खुर्च्या सरकवून उठली. मामा कधी निघून गेले ते कोणाला कळलं नाही.

भाची त्यांना गाठायला धावली आणि आत्या मागोमाग. मामा शुद्ध खोलीच्या दाराशी होते. किल्ली त्यांनी कडीला अडकवली होती.

"मामा, मी सही करणार होते," भाची म्हणाली. "पेन उघडलं होतं मी."

"बघितलं मी."

"माझं चुकलं."

"चुकलं तर खरंच." मामा म्हणाले. "तीस वर्षं झाली, बाई. एकदा विचारायचं तरी, मामा, काय झालं असेल? किल्ली तुम्हीच ठेवा. मला आता या दाराची भीती वाटते."

आतून जाळीवर नखं वाजायला लागली. दाराशी चाहूल लागली की ते येतच.

भाचीनं कडीची किल्ली काढली आणि मामांपुढे धरली. "दोन महिने राहा. नवे उंदीर येतील. माझ्यावर कोणीतरी नजर ठेवायला हवी, मामा. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही."

आत्या जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती, आणि तिला जागचं हलावंसं वाटत नव्हतं. शेवटी मामांनी डबा आणि स्वेटर खाली ठेवला. किल्ली घेऊन ते दाराकडे वळले, पण कुलूप न उघडताच पुन्हा भाचीकडे फिरले.

"आधी हात दाखवा," ते म्हणाले.

भाचीनं दोन्ही हात पुढे केले.